आजऱ्याचा घनसाळ कुणाच्या नावानं?

आज आम्ही आजऱ्याला जाऊन आल्याचं सांगणार आहोत. आम्ही म्हणजे शिरोळ तालुक्यातल्या तीन गावांच्या गटांतल्या चौदा जणी. २०२५ चा दसरा झाला आणि पुढच्याच आठवड्यात आम्ही दोन दिवस आजरा तालुक्यात राहून आलो.

जायचं कारण आधी सांगतो. दिवाळीला आमचे गट फराळाच्या पेट्या करतात. चकली, कडबोळी, करंजी, बरोबर अर्धा किलो गूळ आणि आपला कांदा-लसूण मसाला. यंदा पुण्याच्या एका सोसायटीनं पेटीत एक किलो घनसाळ तांदूळही मागितला. २०० पेट्या, म्हणजे २ क्विंटल तांदूळ. आपल्याकडं ऊस, भाजीपाला, सोयाबीन. घनसाळ कुठला आणायचा? एका व्यापाऱ्यानं सांगितलं, "आजरा घनसाळ देतो, यंदाचा नवा, ६० रुपये किलो. पिशवीवर नाव छापूनच येईल." ग्रामसंघाच्या बैठकीत त्यावरून चांगलीच जुंपली. काही जणींचं म्हणणं, घरबसल्या माल येतोय, घ्यावा. काही जणींचं म्हणणं, एवढा स्वस्त कसा? शेवटी एक आक्का म्हणाल्या, "जिथं पिकतोय तिथंच जाऊन विचारूया की. विचारायला काय पैसं पडत न्हाईत."

अभ्यास दौऱ्यांचा आपल्या सगळ्यांनाच अनुभव आहे. गाडीत बसायचं, शेड बघायची, मशीनपुढं उभं राहून फोटो काढायचा, जेवायचं आणि परत यायचं. वहीत चार ओळी लिहिल्या की दौरा झाला. या वेळी आम्ही ठरवून गेलो की कुणाच्या तरी घरी राहायचं, त्यांच्याबरोबर शेतात जायचं आणि आपले प्रश्न कागदावर लिहून न्यायचे. आजऱ्याजवळच्या एका गावातल्या गटाशी प्रभागसंघाच्या ओळखीनं फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "या की. पर आमच्यात गादी न्हाई, वाकळंवर निजावं लागंल." आमच्याकडं २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाळेच्या फरशीवर महिनाभर निजलेल्या बायका आहेत. वाकळ म्हणजे चैनच.

मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळं गाडीखर्चाची फार चिंता नव्हती. कोल्हापूरच्या स्टँडवरून आजरा गाडी धरली. कागल, निपाणी मागं पडली तसा रंग पालटला. आपली काळी रान संपली, जांभ्याची तांबडी माती लागली. डोंगराच्या उतारावर काजूची झाडं, खालच्या अंगाला पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. आमच्यातल्या पोरीबाळींनी आजरा पाहिलाच नव्हता. एकाच जिल्ह्यात राहतो आपण, पण शिरोळची बाई आजऱ्याला जायचं कारणच पडत नाही. सोयरीक त्या बाजूला नाही, बाजार नाही.

आजरा गाव मोठं नाही. नगरपंचायत आहे, तालुक्याची कचेरी आहे, स्टँडबाहेर वडापची गर्दी आहे. "मृत्युंजय" लिहिणारे शिवाजी सावंत याच गावात जन्मले. हिरण्यकेशी नदी आंबोलीकडून येते आणि आजऱ्याच्या अंगानं वाहत पुढं गडहिंग्लजकडं जाते. गावापासून जवळच रामतीर्थ आहे, धबधबा आणि देऊळ. तिथं आम्ही संध्याकाळी तासभर बसलो. पाणी अजून चांगलं होतं.

मुक्कामाच्या गावात पोचलो तेव्हा आमच्या यजमान वहिनी खळ्यात उभ्या होत्या. "कुठनं आलायसा एवढ्या लांबनं?" म्हणत एक म्हातारी मावशी बाहेर आल्या. चहा झाला, आणि आम्ही पहिलाच प्रश्न विचारला, "नवा घनसाळ मिळंल का?" सगळ्या हसायला लागल्या. वहिनी आम्हाला घराच्या मागं घेऊन गेल्या आणि खाचर दाखवलं. भात उभा होता, अजून पुरता पिकलाही नव्हता. घनसाळ उशिराचा भात आहे. जूनमध्ये तरवा टाकायचा, जुलैत रोप लावायचं आणि कापणी दिवाळीच्या पुढं. मग दसऱ्याला "यंदाचा नवा घनसाळ" कुठून आला? व्यापाऱ्याच्या पिशवीत काय असेल त्याचा निकाल तिथंच बांधावर लागला. आमच्या आक्का लगेच म्हणाल्या, "बघा, गाडीभाडं वसूल झालं."

घनसाळचं खाचर लांबून बघितलं तर इतर भातासारखंच. जवळ गेलं की वास येतो. दाणा भरायच्या वेळेला तर रस्त्यानं जाणाऱ्याला कळतं म्हणे. बासमती, आंबेमोहोर आणि घनसाळ या सगळ्यांच्या वासामागं एकच द्रव्य असतं, पण ते किती उतरतं ते माती, पाऊस आणि दाणा भरतानाचा गारवा यांवर ठरतं. म्हणून हेच बी खाली काळ्या रानात लावलं तर भात येईल, पण वास तेवढा येईलच असं नाही. आमच्यातल्या एकीनं मूठभर बी मागून घ्यायचं ठरवलं होतं, तिनं विचार बदलला.

वास आहे पण उतारा कमी. ताटं उंच वाढतात आणि वाऱ्यापावसात लोळतात. युरिया जास्त पडला तर आणखीच लोळतात. संकरित भाताच्या मानानं एकरी पोती बरीच कमी पडतात. शिवाय १०० किलो भात गिरणीत घातलं की हातात ६० ते ६५ किलो तांदूळ येतो, बाकीचा कोंडा, तूस आणि कणी. जास्त पांढरा करायला गेलं की वासही जातो आणि वजनही. मावशींचं म्हणणं, पूर्वी उखळात सडायचो तेव्हा तांबूस राहायचा, चव वेगळीच. पण आता उखळात सडायला कुणाच्या मनगटात बळ आहे? हे सगळं धरून त्यांनी आम्हाला गेल्या सालचा तांदूळ ११० रुपये किलोनं सांगितला. आम्ही कागदावर हिशोब मांडून बघितला. लावणीची मजुरी, भांगलण, कापणी, झोडणी, गिरणीचे पैसे. त्यात घरच्या बाईची मजुरी धरली नव्हती. धरली असती तर ११० त सुद्धा फार काही उरत नव्हतं.

खरा तांदूळ ओळखायचा कसा, तेही विचारलं. मावशींनी सांगितलं, वरून सुवास लावलेला असेल तर मुठीत धरून चोळला की हाताला वास लागतो आणि शिजवल्यावर भातात काही राहत नाही. खऱ्याचं उलटं. कोरडा असताना मंद, आणि झाकण उघडलं की घरभर. दाणा आखूड असतो, भात मऊ होतो. नव्या तांदळाला वास जास्त आणि पाणी कमी लागतं. जुना झाला की वास थोडा उतरतो पण भात मोकळा होतो. म्हणून जुना तांदूळ म्हणजे शिळा माल असं समजायचं कारण नाही. उलट, किती जुना ते सांगून विकला तर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. रात्री त्यांनी तो भात केला, बरोबर आमटी आणि सुकटीची चटणी. चौदा जणींनी परत परत वाढून घेतला. वाकळ पांघरून बसल्यावर मग खऱ्या गप्पा सुरू झाल्या.

आता मुद्द्याचं. आजरा घनसाळला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. अमुक भागात पिकलेल्या किंवा बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं, असा सरकारी शिक्का. त्याचा कायदा १९९९ चा, लागू झाला २००३ पासून, आणि नोंदणीची कचेरी चेन्नईला. आपल्या कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये हे मानांकन मिळालं, कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये. चपलेची गोष्ट तर तुम्ही टीव्हीवर बघितलीच असेल. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचं नावच घेतलं नाही. बोंब उठली तेव्हा कुठं कबूल केलं. गुळाचंही काय वेगळं आहे? बाहेरून आलेला गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो ही तक्रार आपण गुऱ्हाळघरांवर कायमच ऐकतो. नाव मोठं झालं की ते वापरणारे वाढतात. राबणाऱ्याला त्यातलं काय मिळतं, हे कुणी विचारत नाही.

मानांकन मिळालं म्हणजे आपोआप सगळ्यांना शिक्का मिळाला असं होत नाही. आजऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या मंडळानं ते मिळवलं. पण ज्याला तो शिक्का आपल्या पिशवीवर लावायचा, त्यानं "अधिकृत वापरकर्ता" म्हणून आपलं नाव नोंदवावं लागतं. ही नोंदणी दहा वर्षांपर्यंत चालते, मग नवी करायची. पूर्वी तिचा आकार ५०० रुपये होता, २०२० मध्ये तो १० रुपयांवर आणला. म्हणजे पैशाची अडचण नाही. आम्ही यजमान गटाला विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचं नाव आहे?"

कुणाचंच नव्हतं. अकरा जणी होत्या, अकराही जणी घनसाळ लावणाऱ्या. वहिनींनी सांगितलं, "कुणीतरी म्हणालं सातबारा आणा. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारले तरी तसाच आहे. वारस लावायला मालक गावाकडं आलं पाहिजेत, ते मुंबईला."

मैत्रिणींनो, हे त्या एकट्या घराचं नाही. या भागातल्या बऱ्याच घरांतला पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला राहिला. आधी गिरण्यांत, आणि १९८२ च्या संपानंतर मिळेल त्या कामाला. गणपतीला आणि शिमग्याला यायचं, लावणीला जमलं तर यायचं. शेत बाईनं केलं. बी तिनं राखलं, तरवा तिनं टाकला, चिखलात वाकून रोप तिनं लावलं, गवा येऊ नये म्हणून रात्री पत्र्याचा डबा तिनं वाजवला. घनसाळचं बी इतकी वर्षं टिकलं ते बाईनं घरात पेवात, कणगीत राखलं म्हणून. काळा जिरगा नावाचं दुसरं वासाचं भात पण तसंच मोजक्या घरांतून टिकलंय. आणि कागदावर शेतकरी कोण? जो दादरच्या चाळीत राहतो तो, नाहीतर जो हयातच नाही तो.

आमच्यातल्या दोघींनी जायच्या आधी कायद्यातली एक व्याख्या उतरवून नेली होती. ती तिथं कंदिलाच्या उजेडात वाचली, कारण वीज गेली होती. "उत्पादक" म्हणजे कोण, हे त्या कायद्यात लिहिलंय. शेतमालाच्या बाबतीत जो पिकवतो तो उत्पादक, आणि त्या मालावर प्रक्रिया करणारा किंवा तो बांधून पिशवीत भरणारा सुद्धा उत्पादकच. म्हणजे जमीन कुणाच्या का नावावर असेना, गटानं भात घेतलं, गिरणीतून काढलं, निवडलं, पाखडलं, पिशवीत भरलं, तर तो गट उत्पादक म्हणून नाव नोंदवायला पुढं येऊ शकतो. अट एकच, माल त्याच भागातला पाहिजे.

हे वाचल्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी म्हणाल्या, "म्हंजी पाखडणारी पण धरली?" आम्ही म्हटलं, धरली. त्या म्हणाल्या, "मग आजवर कुणी सांगितलं कसं न्हाई?"

वहिनींचे दीर तिथंच ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "पर तांदूळ आमच्या रानातला, आणि नाव गटाचं कशाला?" प्रश्न रागानं नव्हता, पण साधाही नव्हता. वहिनींनी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं त्यांच्या शेजारणीनं, "भाऊजी, तुमचं पण नोंदवा की. दहा रुपयं तर हायती. दोन्ही नावं चालत्यात." तेही खरंच आहे. वापरकर्ते कितीही असू शकतात. एकाचं नाव लागलं म्हणून दुसऱ्याचं जात नाही. आम्हाला वाटतं, घरात वाद होऊ द्यायचा नसेल तर बायांनी हेच सांगावं.

तरी नुसती व्याख्या दाखवून काम होणार नाही, पुरावा मागतील. म्हणून त्या रात्री बसून कोणकोणती कागदं लागतील याचा विचार केला. गटानं ठराव करून तो इतिवृत्तात लिहायचा की आम्ही सभासदांचं घनसाळ भात घेऊन तांदूळ करून विकणार. कुणाचं किती किलो भात, कोणत्या गट नंबरातलं, कोणत्या तारखेला घेतलं, याची वही ठेवायची. गिरणीची पावती जपायची. अन्नसुरक्षेची नोंदणी गटाच्या नावानं काढायची. २०२५ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेल्यांना ती वर्षाला १०० रुपयांत होत होती. यातलं अर्धं आपण मसाल्यासाठी करतोच. त्या गटाची वही आम्ही बघितली. बचतीचे आणि कर्जाचे आकडे अगदी चोख होते, पण भाताचा एक शब्द नव्हता. भात घरचं, म्हणून वहीत नाही.

छोटी भात गिरणी घ्यावी का, हेही निघालं. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत २०२५ मध्ये प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदानाची सोय होती, आणि गटाच्या सभासदाला भांडवल म्हणून ४० हजारांपर्यंत. पण आम्ही त्यांना सांगितलं, आणि तुम्हालाही सांगतो, अनुदान आहे म्हणून मशीन घेऊ नका. आधी एक हंगाम दुसऱ्याच्या गिरणीत भात काढून बघा, किती खपतो ते बघा. बंद पडलेली मशीनं आणि त्यावर वाळत घातलेली कापडं आपण गावोगाव बघतो.

सातबाऱ्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तो वेगळा लढायचा आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, घरच्या लक्ष्मीचं नाव जमिनीला लावायची. तेव्हापासून नवऱ्यानं स्वखुशीनं अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येतं. अर्ज तलाठ्याकडं, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं. आमच्या चौदा जणींत हात वर करायला सांगितला, कुणाच्या नावावर जमीन आहे? दोन हात वर आले. त्यातली एक विधवा.

दुसऱ्या दिवशी काजू बघायला गेलो. आजरा-चंदगड पट्ट्यात काजूचे छोटे-मोठे कारखाने पुष्कळ आहेत, आणि आत कामाला सगळ्या बायकाच. बी आधी वाफेवर शिजवतात, मग पायानं दाबायच्या यंत्रावर एकेक फोडतात. टरफलातून जे तेल निघतं ते कातडी जाळतं. बायका हाताला खायचं तेल नाहीतर राख लावून बसतात, तरी बोटं काळी पडलेली. मग गर भट्टीत सुकवायचा आणि सुरीनं वरची तांबूस साल काढायची. मजुरी किलोवर. गर अख्खा राहिला पाहिजे, कारण अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा, तुकड्याचा वेगळा. डब्यावर २४०, ३२० असे आकडे असतात ना, ते म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये किती अख्खे काजू बसतात तो आकडा. आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. चार किलो बीतून साधारण एक किलो गर निघतो. दुकानात काजू महाग का, ते तिथं कळलं. आणि त्या महागातलं सोलणारीच्या हातात किती पडतं, तेही दिसलं.

एक गंमत सांगतो. काजू मूळचा आपला नाहीच. तो ब्राझीलचा, आणि तिकडच्या कॅरिबियन बेटांवरही होतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो गोव्यात आणला, तिथून कोकणात आणि घाटावर. आपला ऊस मात्र आशियातून उलटा तिकडं गेला, त्याच बेटांवर. आणि त्याच्यामागं माणसंही गेली. १८४५ मध्ये हिंदुस्थानातल्या मजुरांचं पहिलं जहाज त्रिनिदादला लागलं, तिथल्या उसाच्या मळ्यात राबायला. मिरची, मका, रताळं, पेरू हेसुद्धा त्याच बाजूचे. मिरचीशिवाय कोल्हापूर म्हणजे काय, याचा आम्ही गाडीत बसून पुष्कळ वेळ विचार केला. आता तर आपल्याकडच्या कारखान्यांत फुटणारी पुष्कळ बी आफ्रिकेतून येते. म्हणून काजूच्या डब्यावर आजऱ्याचं चित्र असलं तरी आतला माल कुठला, हे विचारायला पाहिजे. तांदळाचं तसं नाही, तो त्या खाचरातलाच पाहिजे.

हत्तीचं सांगायचं राहिलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी कर्नाटकातून हत्ती या सीमाभागात उतरले, आणि आजरा-चंदगडला त्यांची ये-जा अजून आहे. एका टस्कराला तर इथली पोरंसुद्धा ओळखतात. तो खातो त्यापेक्षा तुडवतो जास्त. पंचनामा झाला की भरपाई मिळते, पण बियाण्यासाठी राखलेलं खाचर तुडवलं गेलं तर त्याची भरपाई कशात करणार? मावशी त्याचं नाव घेत नाहीत, "गणपती" म्हणतात.

परत आल्यावर ग्रामसंघाची बैठक घेतली. व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं. पुण्याच्या सोसायटीला खरं सांगितलं, नवा घनसाळ दिवाळीला मिळत नाही, गेल्या सालचा देतो, ११० रुपये खरेदी आहे, गाडीभाडं आणि भरणावळ धरून तुम्हाला १३५ पडेल. त्यांनी २०० पैकी १३० पेट्यांत तांदूळ ठेवला, ७० पेट्यांत नको म्हटलं. आमच्यातला एक गट म्हणाला, सत्तर गिऱ्हाइकं हातची घालवली. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दिवाळीच्या तोंडावर प्रत्येक रुपयाची वाट बघणाऱ्या बायका आहेत त्या. पण त्या ६० च्या तांदळावर आजऱ्याचं नाव छापून विकलं असतं, तर कायद्यानं तो गुन्हा, तुरुंगापर्यंतची शिक्षा आहे त्याला. आणि पिशवीवर नाव आपल्या गटाचं असतं, व्यापाऱ्याचं नाही.

पिशवीवर काय छापायचं यावर दोन्ही गट फोनवर बराच वेळ बोलले. मानांकनाचं चिन्ह नोंदणीचा नंबर येईपर्यंत छापायचं नाही. तांदळाचं नाव, गाव, त्या गटाचं नाव, कापणीचा महिना आणि वर्ष, आणि खाली लहान अक्षरात भरणाऱ्या आमच्या गटाचं नाव. त्यांना निम्मे पैसे आगाऊ दिले, उरलेले माल पोचल्यावर.

त्यांचा ठराव झाला आहे. दिवाळीनंतर कापणी सुरू झाली आणि वहीत भाताचं पहिलं पान पडलं, त्याचा फोटो वहिनींनी पाठवला. अकरा नावं आहेत. समोर किलो लिहिलेत, गट नंबर लिहिलेत. अर्जासोबत काय काय जोडायचं ते मंडळाकडं जाऊन विचारायला तिघी जणी आजऱ्याला जाऊन आल्या. मावशींनी वहीत सही केली नाही, अंगठाही दिला नाही. नात शिकवतेय म्हणाल्या, पुढच्या बैठकीपर्यंत सही येईल.

आता त्या आपल्याकडं यायच्या आहेत, जानेवारीत. त्यांना गुऱ्हाळ बघायचंय आणि कांदा-लसूण मसाल्याचं प्रमाण शिकायचंय. अकरा जणी आहेत, शिवाय दोघींची लहान मुलं. मुक्काम एक रात्र. ज्यांना आपल्या घरी दोघी-दोघी ठेवून घेता येतील त्यांनी ग्रामसंघाच्या बैठकीत नाव द्यावं. त्यांना उसाचा रस गारठ्यात बाधतो म्हणे, म्हणून सकाळच्या पहिल्या काकवीबरोबर भाकरीची सोय करूया.